शुगरबीटच्या जमिनीत रायझोमेनिया आहे का? मातीच्या नमुन्यापासून एलायझापर्यंत

रायझोमेनिया हा शुगरबीटच्या, म्हणजे साखरेसाठी पिकवल्या जाणाऱ्या बीटच्या, मुळांचा रोग. त्याचा विषाणू मातीत मोकळा राहत नाही. तो पॉलिमिक्सा बीटी नावाच्या सूक्ष्म परजीवीच्या सुप्त बीजाणूंच्या आत दडून असतो, आणि हे बीजाणू पीक नसतानाही पंधरा वर्षांहून जास्त तग धरतात. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. मातीतला विषाणू थेट शोधायला गेलात, तर थोड्या प्रादुर्भावाच्या शेतात बहुधा हाती काही लागत नाही. आधी बीजाणू जागे करायचे, त्यांना बीटचे कोवळे मूळ द्यायचे, विषाणू त्या मुळात वाढू द्यायचा आणि मग मुळाची तपासणी करायची, ती एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडांनी विषाणू पकडून रंगाने दाखवणाऱ्या चाचणीने. याला सहा-सात आठवडे लागतात. घाई केली की निकाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि तो चुकीचा असतो.

इटलीत पो नदीच्या खोऱ्यातल्या या रोगाचे वर्णन कानोव्हा यांनी १९५९ मध्ये केले. त्यामागचा विषाणू जपानमध्ये तामादा आणि बाबा यांनी १९७३ मध्ये दाखवला. त्याचे नाव बीट नेक्रॉटिक यलो व्हेन व्हायरस, प्रयोगशाळेत सगळे बीएनवायव्हीव्ही म्हणतात. कॅलिफोर्नियात तो १९८३ मध्ये आढळला, इंग्लंडमध्ये १९८७ मध्ये. आज शुगरबीट पिकवणाऱ्या बहुतेक देशांत तो आहे.

शेतात आधी काय पाहायचे

युरोपात वसंतात पेरलेल्या पिकात जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी करा. फिकट, पोपटी-पिवळी पडलेली झाडे ठिगळाठिगळांनी दिसतात. पाने उभी राहतात, देठ लांब आणि पान अरुंद होते, आणि जमिनीत ओल असतानाही दुपारी झाड माना टाकते. ठिगळ बहुधा सखल जागी, पाणी साचते तिथे किंवा सरीच्या शेवटच्या टोकाला असते. पुढच्या वर्षी तेच ठिगळ नांगरटीच्या दिशेने लांबट झालेले दिसले, तर संशय पक्का धरा. नावात पिवळ्या शिरा असल्या तरी शेतात त्या क्वचितच दिसतात. त्या शोधत बसू नका.

मग झाड उपटा, पण ओढून नाही. कुदळीने भोवतालची माती सैल करून काढा, नाहीतर नेमका पुरावाच जमिनीत राहतो. बाधित कंद वर रुंद आणि खाली एकदम बारीक होतो, भोवऱ्यासारखा. टोकाकडे तपकिरी बारीक मुळ्यांचा दाट झुपका, म्हणजे ‘दाढी’, असते. त्यातल्या बऱ्याच मुळ्या मेलेल्या असतात. कंद उभा चिरला तर खालच्या भागात वाहिन्यांची वलये पिवळट-तपकिरी दिसतात. कारखान्याचा साखर-अहवाल हाती असेल तर तोही पाहा: साखरेचे प्रमाण घसरलेले, सोडियम वाढलेले आणि अमिनो नायट्रोजन कमी, हे तिन्ही एकत्र आले तर तो रायझोमेनियाचा जुना ठसा आहे.

गोंधळ होतो तो तीन ठिकाणी. नत्राची कमतरता असेल तर पिवळेपणा शेतभर सारखा असतो आणि मुळाला दाढी नसते. बीटचा सिस्ट सूत्रकृमी असेल तर दाढी असते, पण भिंगातून मुळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या, लिंबाच्या आकाराच्या माद्या चिकटलेल्या दिसतात. फ्युजारियम बुरशीच्या रोगात वाहिन्या तपकिरी होतात, पण पान बऱ्याचदा शिरेच्या एकाच बाजूने पिवळे पडते. दोन रोग एकाच शेतात असू शकतात. सूत्रकृमी सापडला म्हणून विषाणूची तपासणी सोडू नका.

उभ्या पिकातून नमुना घ्यायचा असेल तर कंदाचे खालचे टोक आणि त्याच्या बारीक मुळ्या घ्या. पाने पाठवू नका. हा विषाणू मुळातच राहतो, पानांत फार क्वचित पोहोचतो. पानांची तपासणी करून ‘रोग नाही’ असे सांगणारे अहवाल यामुळेच निघतात.

मातीचा नमुना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, प्रयोगशाळेत नाही.

हेक्टरभर जमिनीचा २५ सेंटिमीटरचा थर म्हणजे ३,००० टनांहून जास्त माती. त्यातून तुम्ही दीड-दोन किलो उचलता. प्रादुर्भाव ठिगळात असतो, सगळीकडे सारखा नसतो. म्हणून दोन वेगळे नमुने घ्या आणि ते एकमेकांत मिसळू नका.

पहिला नमुना सर्वसाधारण. नागमोडी चालत हेक्टरी ४० ते ५० ठिकाणी गिरमिट २० ते २५ सेंटिमीटर खोल घाला. प्रत्येक ठिकाणची ३०-४० ग्रॅम माती बादलीत टाका. दुसरा नमुना जाणूनबुजून संशयित जागांचा: शेतात शिरण्याची वाट, ट्रॅक्टर वळतो ती कड, काढलेल्या बीटचा ढीग लावला होता ती जागा, कारखान्यातून परत आलेली माती टाकली असेल तो कोपरा, पाणी तुंबते तो खोलगट भाग. रोग शेतात शिरतो तो बहुधा इथून. दोनांपैकी एकाचेच पैसे असतील तर दुसरा नमुना घ्या.

सुप्त बीजाणू वर्षभर असतात, त्यामुळे नमुना कधीही चालतो. तरी बीट काढल्यावर लगेच घेतलेला बरा, कारण तेव्हा तुटलेल्या मुळ्यांचे ताजे तुकडे मातीत असतात. वाफसा आल्यावर घ्या. चिखल असेल तर गिरमिटाला, बुटांना, गाडीच्या चाकांना माती चिकटते आणि एका शेतातली दुसऱ्या शेतात जाते. संशयित शेत दिवसाच्या शेवटी ठेवा. शेत बदलताना गिरमिट खरवडून, घासून, पाण्याने धुवून कोरडे करा. नमुना दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत भरा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, कारण शाईचे अक्षर ओलीने पसरते. ती दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा आणि बाहेरून मार्करनेही नंबर घाला.

माती सावलीत, कागदावर पातळ पसरून वाळवा. ओव्हनमध्ये नाही. हवेवर वाळल्याने सुप्त बीजाणूंना काही होत नाही, पण शिजवले तर आमिष-रोपाला (बीजाणूंना आमिष म्हणून पुढे लावायच्या बीटच्या रोपाला) धरायला काही उरणार नाही. ढेकळे लाकडी मोगरीने फोडून ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. नेहमीच्या माती परीक्षणात चाळणीवर राहिलेल्या मुळ्या फेकून देतात. इथे तसे करू नका. बीजाणूंचे पुंजके त्या मुळ्यांच्या तुकड्यांतच असतात. कात्रीने अर्धा सेंटिमीटरचे तुकडे करून त्या मातीत परत मिसळा. मग ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, आणि एक किलो उरेपर्यंत हेच करा.

चाळताना उडणारी धूळ हा कमी लेखलेला धोका आहे. चाळण्याची खोली आणि रोपे वाढवण्याची जागा वेगवेगळी ठेवा. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी, मोगरी आणि टेबल धुवून घ्या.

आमिष-रोपे

लागणारे साहित्य: २५० ते ३०० मिलिलिटरची प्लॅस्टिकची कुंडी, प्रत्येक कुंडीला स्वतंत्र बशी, ऑटोक्लेव्ह केलेली (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली) जाड वाळू आणि रोगाला बळी पडणाऱ्या शुगरबीट वाणाचे बी. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वाणांत आरझेड-१ हा प्रतिकार जनुक असतो. असे बी वापरले तर विषाणू मुळात वाढत नाही किंवा फार थोडा वाढतो, आणि बाधित माती निर्दोष दिसते. बियाण्याच्या पाकिटावर काहीच लिहिले नसेल तर कंपनीला विचारून, लेखी घेऊन मगच वापरा.

बी थेट नमुन्याच्या मातीत पेरू नका. पिथियम, अफॅनोमायसिस, रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगकारकांनी रोपे कोलमडतात आणि मूळ हाती यायच्या आत प्रयोग संपतो. बी ऑटोक्लेव्ह केलेल्या वाळूत पेरा, १० ते १२ दिवसांत पहिली खरी पाने दिसू लागली की रोपे उचला आणि कुंडीमागे चार-पाच लावा.

माती भारी असेल, आपल्या काळ्या मातीसारखी, तर तेवढ्याच वाळूत मिसळा. नाहीतर पाणी बसून मुळे गुदमरतात. हलकी माती तशीच चालते. नमुन्यामागे किमान पाच कुंड्या. शिवाय प्रत्येक ट्रेमध्ये नुसत्या निर्जंतुक वाळूच्या दोन कुंड्या, आणि खात्रीने बाधित मातीच्या दोन कुंड्या दुसऱ्या टेबलावर, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या उताराच्या बाजूला. या कुंड्यांवाचून केलेल्या चाचणीचा अर्थ लावता येत नाही.

तापमान दिवसा २४-२५ अंश, रात्री १८ च्या खाली नको. पॉलिमिक्साला २५ अंशाच्या आसपास सगळ्यात चांगले मानवते; माती १५ अंशाखाली असेल तर मुळात शिरण्याचे काम फार मंदावते. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात पॉलीहाऊसमध्ये कुंडीतली माती सहज पस्तिशी गाठते, तिथे ही चाचणी करू नका. तापमान नियंत्रित खोली नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरा.

पाण्याचे गणित समजून घ्या. सुप्त बीजाणूतून दोन शेपट्यांचा चल बीजाणू बाहेर पडतो आणि मातीच्या कणांमधल्या पाण्यातून पोहत मूलरोमापर्यंत जातो. पाणी नसेल तर तो पोहू शकत नाही. सतत तुंबलेले असेल तर मूळच मरते. म्हणून पहिले तीन दिवस फक्त ओल ठेवा, रोप सावरले की बशीत पाणी भरून माती पूर्ण भिजू द्या, काही तासांनी बशी रिकामी करा, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसेच. पाणी नेहमी बशीतूनच द्यायचे. झारीने किंवा पाइपने वरून दिले की शिंतोड्यांबरोबर शेजारच्या कुंडीत चल बीजाणू जातात, आणि मग निर्जंतुक वाळूची कुंडीसुद्धा पॉझिटिव्ह येते.

दोन आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा निम्म्या ताकदीचे होगलँड द्रावण (रोपांसाठीचे पोषक द्रावण) द्या. त्याहून जास्त खाऊ घालू नका. हिरवीगार पाने नकोत, बारीक मुळ्या हव्यात. मातीचा सामू (पीएच) आधीच मोजून ठेवा. आम्लधर्मी मातीत पॉलिमिक्सा मंद असतो, तेव्हा सामू ६ च्या खाली असेल तर अहवालात तसे लिहा. सहा आठवडे पूर्ण होऊ द्या. जबर प्रादुर्भाव चार आठवड्यांत कळतो, पण जी शेते ओळखण्यासाठी हा खटाटोप करायचा, त्या हलक्या प्रादुर्भावाच्या शेतांना हा वेळ लागतोच.

किती प्रादुर्भाव आहे हे हवे असेल तर नमुन्याची माती निर्जंतुक वाळूत दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करा, प्रत्येक पातळीला सहा कुंड्या लावा, आणि कोणत्या पातळीपर्यंत किती कुंड्या पॉझिटिव्ह आल्या त्यावरून ‘मोस्ट प्रोबेबल नंबर’च्या तक्त्यात आकडा काढा. जागा खूप लागते. दोन शेतांची तुलना करायची असेल तरच हे करा.

मुळे काढणे आणि सूक्ष्मदर्शक

कुंडी उलटी करून मातीचा गोळा बादलीत बुडवा आणि हलवत माती सुटू द्या. नळाखाली जोराने धुतले तर नेमक्या बारीक मुळ्या वाहून जातात. निर्जंतुक वाळूच्या कुंड्या सगळ्यात आधी धुवा, बाधित सगळ्यात शेवटी. प्रत्येक नमुन्याला नवे पाणी. टिश्यू पेपरवर टिपून एका कुंडीच्या एक ग्रॅम बारीक मुळ्या एलायझासाठी बाजूला ठेवा. त्याच दिवशी तपासणी होणार नसेल तर उणे २० अंशावर गोठवा.

काही मुळ्या लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये रंगवून १०० ते ४०० पट मोठ्या करून पाहा. पेशींच्या आत गोल बीजाणूंचे द्राक्षाच्या घडासारखे पुंजके दिसले की पॉलिमिक्सा आहे. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. विषाणू न बाळगणारा पॉलिमिक्सा अनेक शेतांत असतो. सूक्ष्मदर्शकाचा खरा उपयोग उलटा आहे: बाधित मातीच्या कुंडीतही पुंजके दिसले नाहीत, तर पाणी किंवा तापमान चुकले आहे आणि पूर्ण तुकडी रद्द करायची.

एलायझा

डास-एलायझाची (DAS-ELISA, म्हणजे विषाणूला दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडणाऱ्या एलायझाची) नेहमीची पद्धत इथे चालते. एक लिटरची द्रावणे अशी:

लेपाचे द्रावण, सामू ९.६: सोडियम कार्बोनेट १.५९ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.९३ ग्रॅम.

धुण्याचे द्रावण, सामू ७.४: मीठ (सोडियम क्लोराइड) ८ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.१५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिलिलिटर.

मुळे वाटण्याचे द्रावण: वरच्याच द्रावणात पीव्हीपी २० ग्रॅम आणि ओव्हाल्ब्युमिन २ ग्रॅम.

रंगद्रव्याचे द्रावण: डायइथॅनॉलअमाइन ९७ मिलिलिटर, सामू हायड्रोक्लोरिक आम्लाने ९.८. यात वापरायच्या वेळी मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅम पी-नायट्रोफेनिल फॉस्फेट.

प्रतिपिंड (अँटीबॉडी) लेपाच्या द्रावणात उत्पादकाने सांगितल्याइतके पातळ करा, एलायझाच्या ताटलीच्या दर खळग्यात १०० मायक्रोलिटर भरा, ३७ अंशावर चार तास किंवा ४ अंशावर रात्रभर ठेवा. तीन-चार वेळा धुवा. मुळे दहापट द्रावणात वाटा, म्हणजे १ ग्रॅमला १० मिलिलिटर, वाळूचे कण खाली बसू द्या आणि वरचा निवळ रस १०० मायक्रोलिटर, प्रत्येकी दोन खळग्यांत भरा. ४ अंशावर रात्रभर. पुन्हा धुवा, हे धुणे सगळ्यात मन लावून करा. मग अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) जोडलेले प्रतिपिंड, ३७ अंशावर तीन-चार तास. धुवा, रंगद्रव्य घाला, आणि अंधारात ठेवून ३०, ६० आणि १२० मिनिटांनी ४०५ नॅनोमीटरवर मोजा.

मुळांचा रस पानांच्या रसापेक्षा कटकटीचा असतो. त्यातली फिनॉले तपकिरी पडतात, प्रथिनांना चिकटतात आणि पार्श्वभूमीचा रंग वाढवतात. पीव्हीपी त्यासाठी आहे; ते वगळून पैसे वाचत नाहीत. मूळ नीट वाटले गेले नाही तर रंग कमी येतो. कडेच्या खळग्यांत तापमान वेगळे असल्याने आकडे वरखाली होतात, तिथे नमुने न भरता नुसते द्रावण भरा. लेपाचे द्रावण टिकवायला सोडियम अझाइड घालतात, ते फॉस्फेटेजबरोबर चालते. पण तुमच्या किटमध्ये पेरॉक्सिडेज असेल तर अझाइड कुठल्याच द्रावणात नको, कारण ते हे विकर बंद पाडते. आणि अझाइड विषारी आहे. हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका.

सीमारेषा ठरवायला निरोगी रोपांच्या मुळांचे किमान आठ खळगे ठेवा. ही रोपे त्याच टेबलावर, त्याच वयाची हवीत. निरोगी पानांचा रस चालणार नाही. त्यांच्या सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवा. समजा सरासरी ०.०८५ आणि विचलन ०.०१२, तर रेषा ०.१२१. नमुन्याचा आकडा ०.९ असेल तर बोलायलाच नको. ०.१३ असेल तर ‘पॉझिटिव्ह’ लिहू नका, ‘शंकास्पद’ लिहा आणि उरलेल्या मुळांवर पुन्हा चाचणी किंवा आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) करा.

आरटी-पीसीआरमध्ये ओळखीसाठी विषाणूच्या आरएनए-२ वरचा आवरण-प्रथिनाचा भाग धरा. वाणाचा प्रतिकार मोडणारा प्रकार आहे का हे पाहायचे तर आरएनए-३ वरच्या पी-२५ प्रथिनातली ६७ ते ७० या जागांची अमिनो आम्ले वाचावी लागतात, आणि विषाणूच्या पी प्रकाराचा संशय असेल तर आरएनए-५ शोधावा लागतो. मातीतली ह्युमिक आम्ले ही अभिक्रिया अडवतात. म्हणून बीटच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची चाचणी बरोबर लावा. तीही आली नाही तर नमुना निगेटिव्ह नसून अभिक्रियाच फसली आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पॉलिमिक्सा बीटी आणखीही विषाणू वाहतो: युरोपात बीट सॉइल-बोर्न व्हायरस आणि बीट व्हायरस क्यू, अमेरिकेत बीट सॉइल-बोर्न मोझॅक व्हायरस. बीएनवायव्हीव्हीचे प्रतिपिंड हे पकडतीलच असे नाही. शेतात लक्षणे आहेत आणि एलायझा वारंवार निगेटिव्ह, तर यांचा विचार करा.

अहवाल कसा लिहायचा

पाचपैकी एक कुंडी जरी स्पष्ट पॉझिटिव्ह आली आणि निर्जंतुक वाळूच्या कुंड्या स्वच्छ असल्या, तर शेत बाधित. यात बहुमत नसते. पाचही निगेटिव्ह आल्या तर ‘या नमुन्यात आढळला नाही’ असे लिहा. ‘शेत रोगमुक्त आहे’ हे वाक्य ३,००० टनांतल्या दीड किलोवरून कोणालाच लिहिता येत नाही, आणि शेतकऱ्याने दबाव आणला तरी लिहू नये.

तो पसरतो कसा

मातीबरोबर, बस्स. बीच्या आतून हा विषाणू जात नाही, मावा-तुडतुडे त्याला नेत नाहीत. पण माती किती मार्गांनी हलते ते पाहा. वीस टनांच्या ट्रकमधल्या बीटला पाच टक्के माती चिकटलेली असेल तर प्रत्येक खेपेला एक टन माती कारखान्यात जाते. ती धुण्याच्या पाण्यात उतरते, गाळ होऊन साठते, आणि अनेकदा भरावासाठी म्हणून दुसऱ्याच शेतात पोचते. हा मार्ग बंद केल्याशिवाय बाकीचे उपाय अर्धवट राहतात. कारखान्याची परत माती बीटच्या शेतात टाकायचीच नाही.

त्याखालोखाल काढणी यंत्रे. भाड्याचे हार्वेस्टर गावोगाव फिरते, आणि त्याच्या साखळ्यांत, चाकांच्या खाचांत किलोकिलोंनी माती अडकते. शेतातून बाहेर पडायच्या आत ती खरवडून काढा, मग पक्क्या फरशीवर जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, आणि धुतलेले पाणी शेताकडे जाणार नाही हे बघा. जंतुनाशकाचा फवारा मारून माती तशीच ठेवली तर काही उपयोग नाही. सुप्त बीजाणूंची भिंत जाड असते आणि चिखलाच्या आत औषध पोचतही नाही.

सिंचनाचे आणि पुराचे पाणी बीजाणू खालच्या शेतात नेते. बाधित शेतातले बीट जनावरांना घातले तर बीजाणू पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि शेणखतातून परत शेतात येतात. बाधित शेतात घेतलेल्या बटाट्याच्या बेण्यावर, रोपांवर, अगदी बुटांवरही माती जाते. एकदा आत आला की नांगर आणि दाताळे त्याला दरवर्षी थोडे पुढे ओढतात.

सापडला तर

शेतातून तो घालवता येत नाही. पिकाचा फेर चार-पाच वर्षांचा केला तर बीजाणूंची वाढ मंदावते, ते संपत मात्र नाहीत. हाती असलेले खरे हत्यार म्हणजे प्रतिकारक वाण. त्याच्या जोडीला पेरणी जितकी लवकर करता येईल तितकी करा, म्हणजे माती तापून पॉलिमिक्सा जोरात यायच्या आत मूळ थोराड झालेले असते. निचरा सुधारा आणि पाण्याच्या सुरुवातीच्या पाळ्या हात राखून द्या.

प्रतिकारक वाणावरही नजर हवी. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत २००३ च्या सुमारास आरझेड-१ असलेल्या वाणांतच रोग उफाळला. प्रतिकारक पिकात इकडेतिकडे एकेकटी पिवळी झाडे दिसली तर ती बहुधा बियाण्यातली भेसळ, म्हणजे जनुक नसलेली झाडे असतात. ठिगळ दिसले तर प्रकरण वेगळे. त्या ठिगळाची माती घ्या आणि आमिष-चाचणी तीन वाणांवर लावा: जनुक नसलेला, आरझेड-१ असलेला, आणि आरझेड-१ व आरझेड-२ दोन्ही असलेला. आरझेड-१ च्या मुळांत पहिल्याइतकाच रंग चढला तर प्रतिकार मोडला आहे, पुढच्या वेळी दोन जनुकांचा वाण घ्यायचा.

आपल्याकडे काम करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात शुगरबीटच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि आपला देशी पालक आणि बीटरूट ही बीटचीच भावंडे आहेत. पॉलिमिक्सा बीटीला ती चालतात. म्हणून प्रयोगशाळेत ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’ (तुलनेसाठी खात्रीने बाधित नमुना) हवा म्हणून परदेशातून बाधित माती किंवा मूळ आणू नका. भारतात माती आयात करण्यावर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाचे निर्बंध आहेत, ते याच कारणासाठी. एलायझासाठी किटबरोबर येणारे, गोठवून वाळवलेले निष्क्रिय प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला पकडते तो पदार्थ) पुरते. बाधित मातीच्या कुंड्यांची चाचणी जिथे रोग आधीच आहे तिथेच करा. नेदरलँड्स, जर्मनीत शिकणाऱ्यांनी शेतातले बूट घासून, वाळवून मगच बॅगेत टाकावेत, किंवा तिथेच ठेवून यावेत. चाचणी संपल्यावर माती, मुळे, कुंड्या आणि धुतलेल्या पाण्याचा गाळ १२१ अंशावर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, एक दिवस थांबून पुन्हा एकदा.

हीच आमिष-रोपाची पद्धत आपल्याकडे भुईमुगाला लागू पडते. इंडियन पीनट क्लम्प व्हायरस पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस या भाऊबंदाबरोबर मातीतून येतो, वाळूसर जमिनीत ठिगळाने दिसतो आणि झाडे खुजी, गर्द हिरवी राहतात. इथे आमिष गहू किंवा ज्वारीचे लावायचे, कारण त्या परजीवीची आवड तृणधान्यांची आहे. फरक एवढाच, की हा विषाणू भुईमुगाच्या बियाण्यातूनही जातो, त्यामुळे अशा शेतातले बी पुढे ठेवू नका. ठिगळ लहान असेल तर भुईमुगाच्या आधी तिथे बाजरी दाट पेरून, पाणी देऊन, दोन आठवड्यांत मुळासकट उखडून टाका. चल बीजाणू बाजरीच्या मुळांत शिरतात आणि नवे सुप्त बीजाणू तयार व्हायच्या आत मुळांबरोबर बाहेर पडतात. दोन आठवड्यांच्या पुढे बाजरी उभी ठेवली तर मात्र तिच्याच मुळांत नवे पुंजके तयार होतात.